हार्प्सिकॉर्ड, पियानो आणि घरातल्या बायका

महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आमच्या बचत गटांची पाळी असते, हे तुम्हाला माहीतच आहे. आतापर्यंत आम्ही इथून लोणच्याचं पॅकिंग सांगितलं, हिमोग्लोबिन सांगितलं, बँकेचा हप्ता थकला तर काय करायचं ते सांगितलं. या वेळी केंद्रातल्या ताई म्हणाल्या, या महिन्यात सगळी भाषणं संगीतावर आहेत, तुम्ही काय देणार? आम्ही लगेच म्हणालो, ओव्या. त्या हसून म्हणाल्या, ओव्या तीन गटांनी आधीच घेतल्यात, दुसरं काही बघा.

दुसरं काही सापडलं ते असं. आमच्या एका सदस्याची भाची पुण्याला संगीत शिकते. ती दिवाळीला मावशीकडे आली होती आणि मावशीबरोबर गटाच्या बैठकीलाही आली. हप्ते गोळा करून झाले, सह्या-अंगठे झाले, चहा यायचा होता. तेवढ्यात तिने मोबाईलवर एक रेकॉर्डिंग लावलं. आवाज बारीक येत होता म्हणून मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा केला. दोन वाद्यं होती. एक बोलतं, दुसरं उत्तर देतं, मग दोन्ही एकदम. शब्द काहीच नाहीत. आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या आजी थोडा वेळ ऐकून म्हणाल्या, "एक फोडणीसारखी तडतडतेय आणि एक वरणासारखी मऊ आहे. पण दोघी एकाच घरातल्या वाटतात." भाची चकित झाली. ती म्हणाली, आजी, आमच्या वर्गात हे सांगायला मास्तरांना अर्धा तास लागला होता.

मग आम्ही तिला सोडलं नाही. सुट्टी संपेपर्यंत तिने तीन वेळा येऊन आम्हाला समजावलं, वाचून दाखवलं. आमच्यातल्या लिहिणाऱ्या दोघींनी टिपणं काढली. आज सांगतोय ते त्या टिपणांवरून.

आधी ती दोन वाद्यं समजून घेऊ. तडतडणारं वाद्य म्हणजे हार्प्सिकॉर्ड आणि मऊ आवाजाचं म्हणजे सुरुवातीच्या काळातला पियानो. त्याला फोर्टेपियानो म्हणतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखी. लांबट लाकडी पेटी, आत ताणलेल्या तारा आणि पुढे आपल्या पेटीला असतात तशा काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. भाता मात्र नाही. त्या काळच्या बऱ्याच वाद्यांवर मोठ्या पट्ट्या काळ्या आणि छोट्या पांढऱ्या असायच्या, आपल्या पेटीच्या बरोबर उलट्या. फरक आहे तो आतमध्ये. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली की तिच्या दुसऱ्या टोकावर उभी असलेली एक लाकडी कांडी वर उचलली जाते. त्या कांडीत पक्ष्याच्या पिसाच्या दांड्याचा तुकडा बसवलेला असतो, बहुतेक वेळा कावळ्याच्या जातीच्या पक्ष्याचा. तो तुकडा तार छेडतो. सतार वाजवणारे बोटात नखी घालतात ना, तसंच. फक्त इथे प्रत्येक तारेला तिची स्वतःची नखी. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज जवळजवळ तेवढाच येतो.

पियानोत नखी नाही. तिथे चामडं लावलेली छोटी हातोडी तारेवर आपटते आणि लगेच मागे सरते. संतूर बघितलं असेल टीव्हीवर, त्याच्या काड्या आठवा. बोट हळू टेकवलं तर आवाज हळू, जोर दिला तर मोठा. पियानो म्हणजे इटालियन भाषेत हळू आणि फोर्टे म्हणजे जोरात. नावातच सगळं सांगून टाकलंय. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरी नावाच्या कारागिराने १७००च्या सुमारास हे वाद्य बनवलं. त्याचे तीन पियानो आजही शिल्लक आहेत, १७२०, १७२२ आणि १७२६ सालचे.

आमच्यातल्या ज्या बी.ए. झाल्या त्यांनी इतिहासात हेच शिकलंय की नवं यंत्र आलं की जुनं जातं. पुस्तकात ते एका ओळीत होतं. प्रत्यक्षात तसं होत नाही हे आम्हाला आमच्या शिवण केंद्रात कळलं. मोटरची मशीनं आली तेव्हा वाटलं, पायडलची आता भंगारात जाणार. आज सात वर्षांनीही दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. सरळ लांब शिलाई मोटरवर, काज आणि बारीक काम पायडलवर, कारण पायाने वेग हवा तसा धरता येतो. शिवाय लाईट जाते ते वेगळंच. पियानोचंही असंच झालं. शोध लागल्यानंतर सत्तर-ऐंशी वर्षं हार्प्सिकॉर्ड आणि पियानो एकाच घरात, कधी एकाच खोलीत नांदत होते. पट्ट्या सारख्याच असल्यामुळे जिला एक येई तिला दुसरंही वाजवता येई. मग दोघींनी समोरासमोर बसून दोन्ही वाजवायचं कुणालातरी सुचणारच.

आता आपण ज्या घरांत जाणार आहोत ती आपल्यासारखी घरं नव्हेत. मोठी, पैसेवाली, नोकरचाकर असलेली घरं. आमच्या बैठकीत एक ताई म्हणाल्याही, की श्रीमंतांच्या बायकांचं काय कौतुक ऐकायचं, त्यांना वेळच वेळ. थोडं खरं आहे. पण पुढे ऐका.

पॅरिसजवळ पासी नावाचं गाव होतं, आता ते शहरातच आलंय. तिथे आन-लुईज ब्रियों द ज्युई नावाच्या बाई राहत. जन्म १७४४. नवरा चोवीस वर्षांनी मोठा, सरकारी पैशाच्या व्यवहारातला अधिकारी. या बाई हार्प्सिकॉर्ड इतकं सुंदर वाजवत की १७७० साली चार्ल्स बर्नी हा इंग्रज संगीतज्ञ युरोपभर फिरत असताना मुद्दाम त्यांच्या घरी गेला. हार्प्सिकॉर्ड वाजवणाऱ्या युरोपातल्या सर्वांत मोठ्या बायकांमध्ये त्याने त्यांना जागा दिली. बोकेरिनी या नामवंत संगीतकाराने आपल्या सहा सोनाटा त्यांना अर्पण केल्या होत्या. त्यांच्या घरी एक इंग्लंडहून आलेला पियानोही होता. तो लंडनच्या योहान क्रिस्तियान बाखने पाठवलेला, म्हणजे मोठ्या बाखच्या धाकट्या मुलाने.

त्या पियानोवरून बर्नीचं आणि बाईंचं थोडं वाजलंच. पियानोत तारांचा नाद थांबवायला आत छोट्या गाद्या असतात. बाई त्या गाद्या उचलून ठेवूनच वाजवत. गाद्या लावून वाजवा असा बर्नीने आग्रह केला. बाई म्हणाल्या, तसं कोरडं वाटतं. बर्नीचं म्हणणं असं की अशाने सगळे सूर देवळातल्या घंटांसारखे एकमेकांत मिसळतात. हे वाचलं तेव्हा आम्हाला बाई फार आवडल्या. समोर एवढा मोठा जाणकार बसलाय, तरी आपल्या घरात, आपल्या वाद्यावर, आपल्याला हवं तसंच.

या ब्रियों बाईंनी स्वतः संगीत लिहिलं. हार्प्सिकॉर्ड आणि पियानो या जोडीसाठी लिहिलं, आणि एक रचना तर तीन वाद्यांसाठी आहे: एक इंग्लिश पियानो, एक जर्मन पियानो आणि एक हार्प्सिकॉर्ड. विचार करा, तिन्हींचे आवाज वेगळे असतात हे ज्या कानाला रोज कळत होतं, त्याच कानाने हे लिहिलं. ऐकून किंवा वाचून नव्हे, घरात तिन्ही समोर ठेवून. त्यांना दोन मुली होत्या, त्याही संगीत शिकलेल्या. म्हणजे घरातच मैफल.

ऐकायला कोण यायचं? १७७७ पासून पासीत बेंजामिन फ्रँकलिन राहत होते. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी फ्रान्सची मदत मागायला आलेले, सत्तरी ओलांडलेले. आठवड्यातून दोनदा ते ब्रियों बाईंकडे येत. चहा, बुद्धिबळ, मग संगीत. बाई त्यांना लाडाने बाबा म्हणत. एकदा ते शेजाऱ्याबरोबर चक्क बाईंच्या न्हाणीघरात बुद्धिबळ खेळत बसले आणि बाई गरम पाण्याच्या टबात, वर लाकडी फळी झाकलेली, डाव बघत राहिल्या. रात्र केव्हा झाली कुणालाच कळलं नाही. आमच्या बैठकीत या गोष्टीवर इतकं हसणं झालं की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. अमेरिकेच्या सैन्याने १७७७ साली साराटोगाला लढाई जिंकली, तेव्हा बाईंनी त्यांच्यासाठी एक कूचगीत रचलं. आणि सगळंच हसण्यावारी नव्हतं. नवऱ्याचं मुलींच्या शिक्षिकेशी जमलंय हे १७७९ साली बाईंना कळलं. ते दुःखही त्यांनी फ्रँकलिनना पत्रातून कळवलं. त्यांच्या मनाला निराशेचा त्रास होता, आणि संगीत हा त्यावरचा एक आधार होता.

त्यांच्या रचना आज फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत, हातानं लिहिलेल्या कागदांवर आहेत. छापल्या का नाहीत? त्या वर्गातल्या बाईने तिकीट लावून वाजवणं, पैसे घेणं, नाव छापणं हे घराण्याला कमीपणा आणणारं समजलं जाई. आता मघाशी म्हणालेल्या ताईंना आम्ही विचारलं, काय हो, वेळच वेळ असून उपयोग काय झाला? त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई शेजाऱ्यांच्या लग्नात रात्रभर रांगोळ्या घालायच्या. पैसे विचारले असते तर घरात घेतलं नसतं." त्यांनी आक्षेप मागे घेतला असं आम्ही इतिवृत्तात लिहिलं नाही, पण घेतला.

त्याच काळात उत्तरेला रिगा शहरात म्यूथेल नावाचा ऑर्गनवादक होता, मोठ्या बाखकडे शेवटी शेवटी शिकलेला. त्याने १७७१ साली दोघांनी वाजवायची एक मोठी रचना छापली. मुखपृष्ठावर लिहिलं की दोन क्लाविअरवर, दोन फोर्टेपियानोंवर किंवा दोन हार्प्सिकॉर्डवर वाजवा. घरात जे असेल ते काढा. पियानोचं नाव छापलेल्या जर्मन संगीताच्या अगदी पहिल्या पुस्तकांत हे धरतात. एक हार्प्सिकॉर्ड आणि एक पियानो घेऊनही ही रचना आज वाजवली जाते आणि तशी ती जास्त खुलते, असं भाचीचं मत. आम्ही ऐकून बघितली. आमचंही तेच मत झालं. कारण दोन्ही वाद्यं एकाच जातीची असली की एकाने म्हटलं आणि दुसऱ्याने तेच म्हटलं यात नुसती पुनरुक्ती वाटते. वेगळी असली की तोच सूर एकीच्या तोंडून ठसक्यात येतो, दुसरीच्या तोंडून समजुतीने.

जर्मनीत आउग्सबुर्गला योहान आंद्रेआस श्टाइन नावाचा वाद्य बनवणारा कारागीर होता. त्याने या जोडीसाठी एकच लांबलचक वाद्य केलं. एका टोकाला हार्प्सिकॉर्डच्या पट्ट्या, दुसऱ्या टोकाला पियानोच्या. दोघी जणी समोरासमोर तोंड करून बसणार. नावच व्हिजावी, म्हणजे समोरासमोर. १७७७ सालचं इटलीत व्हेरोनाला आहे आणि १७८३ सालचं नेपल्सला. तेवढीच दोन शिल्लक आहेत.

या श्टाइनच्या मुलीबद्दल आम्हाला जास्त सांगायचंय, कारण ती आपल्या कामातली. नानेट तिचं नाव, जन्म १७६९. वाद्यांच्या कारखान्यातच वाढली. ती आठ वर्षांची असताना मोत्सार्ट त्यांच्याकडे आला होता. तिचं वाजवणं ऐकून त्याने वडिलांना पत्र लिहिलं आणि त्यात तिच्या हातवाऱ्यांची, तोंड वेडंवाकडं करण्याची भरपूर टिंगल केली. आठ वर्षांच्या पोरीची! पण वडिलांनी बनवलेल्या पियानोची मात्र त्याने मनापासून स्तुती केली. पुढे वडील १७९२ साली वारले. नानेटने कारखाना हातात घेतला, भावाला बरोबर घेतलं, लग्न झालं, आणि १७९४ साली सगळं बिऱ्हाड, सगळी हत्यारं व्हिएन्नाला हलवली. १८०२ साली भावाची आणि तिची वाटणी झाली तेव्हा तिने स्वतःच्या नावाने धंदा सुरू केला. पियानोवर पाटी काय लावायची? नानेट श्ट्राइखर, माहेरची श्टाइन. नवऱ्याचं आडनाव आणि बापाचं आडनाव, दोन्ही. गिऱ्हाईक बापाच्या नावावर विश्वास ठेवत होतं आणि तिला ते पुरतं ठाऊक होतं. नवरा विक्री आणि पत्रव्यवहार बघे, ती लाकूड आणि तारा. बीथोवनला पियानो हवा असला की तिच्याकडे, घरातला स्वयंपाकी टिकत नसला तरी तिच्याकडेच. किती स्वयंपाकघर भांडी लागतात, मोलकरणीला काय द्यायचं, हे विचारणारी त्याची साठाहून जास्त पत्रं तिच्या नावची आहेत. एवढा मोठा कारखाना चालवणाऱ्या बाईला हा माणूस चादरी धुण्याचं विचारतो, यावर आमच्यात दोन पक्ष पडले. एक म्हणाला, हक्काचं माणूस होतं म्हणून. दुसरा म्हणाला, बाई होती म्हणून. तो वाद अजून मिटलेला नाही.

आता बर्लिन. आजींनी ज्यांना "एकाच घरातल्या" म्हटलं त्या दोघींची गोष्ट.

बर्लिनमध्ये दानिएल इत्झिग नावाचे ज्यू सावकार होते, राजाच्या दरबाराशी व्यवहार करणारे. घरात मुलाबाळांचा मोठा गोतावळा, मुली पुष्कळ. त्या राज्यात ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क नव्हते. इत्झिग कुटुंबाला ते १७९१ साली मिळाले, अशा कुटुंबांत ते पहिलं. पैसा होता, पण शहरात आपली जागा पक्की नाही हे रोज कळत होतं. त्या घरात मुलींना संगीत शिकवलं गेलं, आणि कोणतं, तर बाख घराण्याचं. त्या वेळी मोठा बाख जाऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती. लोकांना ते संगीत जुनाट, किचकट वाटत होतं. त्याचा थोरला मुलगा विल्हेल्म फ्रीडेमान बर्लिनला येऊन हलाखीत राहत होता. त्याच्याकडे इत्झिगांची मुलगी सारा शिकली. साराचा जन्म १७६१चा. १७८३ साली तिचं लग्न झालं, नवरा सामुएल लेवी, तोही सावकार घराण्यातला आणि संगीताचा शौकीन. सारा लेवींच्या घरी ठरलेल्या दिवशी लोक जमत, ज्यू आणि ख्रिश्चन एकत्र, आणि सारा स्वतः वाजवत. दुसऱ्या घरांत गप्पा हे मुख्य आणि संगीत तोंडी लावायला. इथे उलटं.

साराची बहीण त्सिपोरा एका वर्षाने मोठी, तीही तितकीच तयारीची. १७८८ साली हँबर्गच्या कार्ल फिलिप एमानुएल बाखने, म्हणजे दुसऱ्या बाखपुत्राने, एक कॉन्सर्टो लिहिला. वय ७४. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो वारला. त्या कॉन्सर्टोत मुख्य वाद्यं दोन: एक हार्प्सिकॉर्ड आणि एक फोर्टेपियानो. मागे व्हायोलिन वगैरे तारवाद्यं, दोन बासऱ्या, दोन शिंगं. अभ्यासकांचा कयास असा की हा कॉन्सर्टो साराच्या घरासाठी, या बहिणींनी वाजवावा म्हणून लिहिला गेला. गंमत बघा. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्या म्हाताऱ्याने हार्प्सिकॉर्डचं राज्य बघितलं होतं आणि पियानो वर येतानाही बघितला होता. शेवटच्या वर्षी त्याने दोघांना एका ओळीत बसवलं. कुणाला वर नाही, कुणाला खाली नाही. एकीने सुरुवात केली तर दुसरी वाक्य पुरं करते.

तो गेल्यावर साराने त्याच्या विधवेशी पत्रव्यवहार ठेवला, तिच्याकडच्या संगीताला गिऱ्हाईक झाली. बाईच्या हाताला चार पैसे मिळाले आणि कागद नीट हातात पडले.

कागदांचं आम्ही मुद्दाम सांगतोय. सारा लेवींनी आयुष्यभर संगीताच्या हस्तलिखितांचा संग्रह केला. त्यावर स्वतःच्या नावाचा शिक्का मारला. नवरा १८०६ साली गेला. त्यानंतर त्या बर्लिनच्या सिंग-अकादमी या संस्थेत, पुरुष वादकांच्या मध्ये बसून, बाखचे कॉन्सर्टो वाजवू लागल्या, मुख्य वादक म्हणून. संग्रह त्यांनी जिवंतपणीच त्या संस्थेला देऊन टाकला. सारा ९२ वर्षं जगल्या, १८५४ पर्यंत. नातेवाइकांपैकी कित्येकांनी धर्म बदलला, त्यांनी नाही. ज्यू अनाथाश्रमाला त्यांची मदत असे.

इथे आमचं एक दुखणं सांगतो, सांगितल्याशिवाय हे भाषण पुरं होणार नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या महिला भजनी मंडळाची गाणी रेकॉर्ड करायला बाहेरून एक मंडळी आली होती. कोण, ते नाव आम्ही घेत नाही. दोन दिवस आम्ही शेताची कामं सोडून गायलो. जात्यावरची, पाळण्याची, आमच्या आजींना तोंडपाठ असलेली, कुठे लिहून न ठेवलेली गाणी. चहा-जेवणही आमचंच. सहा महिन्यांनी छापील पुस्तिका हातात आली. पेटीवाल्या भाऊंचं नाव होतं, तबल्यावरच्यांचं होतं, रेकॉर्डिंग करणाऱ्याचं होतं, गाडी चालवणाऱ्याचेसुद्धा आभार होते. आमच्यापुढे लिहिलं होतं, "स्थानिक महिला". अकरा जणी होतो आम्ही. त्यातल्या एक मावशी पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या मुलाने ती पुस्तिका उलटसुलट करून बघितली, आईचं नाव कुठे आहे विचारलं, आणि आम्हाला उत्तर देता आलं नाही.

तेव्हापासून आमच्या गटात एक जाड वही आहे. कर्जाची नव्हे, गाण्यांची. कोणतं गाणं, कुणाच्या तोंडून, तिचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, तिला कुणी शिकवलं. कुणी मोबाईलवर रेकॉर्ड करायला आलं की आधी वहीत नोंद, मग गाणं. काहींना ते तऱ्हेवाईक वाटतं. वाटू दे. साराच्या शिक्क्याबद्दल ऐकलं तेव्हा आमची वही सांभाळणारी ताई काही बोलली नाही. पुढच्या बैठकीला गटाचा रबरी शिक्का पिशवीतून काढून तिने वहीच्या प्रत्येक पानावर मारला.

साराचा शिक्का किती कामाला आला बघा. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनवर बॉम्ब पडू लागले, म्हणून सिंग-अकादमीचं सगळं भांडार १९४३ साली दूर हलवलं. युद्ध संपलं आणि ते नाहीसं झालं. पन्नासहून जास्त वर्षं लोकांना वाटत होतं, जळालं असेल. १९९९ साली ते युक्रेनमध्ये, कीव शहरात सापडलं. पाच हजारांहून जास्त हस्तलिखितं, त्यात सारा लेवींची. २००१ साली ती बर्लिनला परत आली. शिक्के उघडले, आणि कुठली वही या बाईंची हे कळायला लागलं. त्यानंतर साराच्या घरच्या संगीतावर खरं काम सुरू झालं. अमेरिकेतल्या रिबेका सायपेस यांनी २०२२ साली अशा घरगुती मैफली भरवणाऱ्या बायकांवर आख्खं पुस्तक लिहिलं, ब्रियों बाईही त्यात आहेत. त्या स्वतः हार्प्सिकॉर्ड वाजवतात. यी-हेंग यांग या पियानो वाजवणाऱ्या बाईंबरोबर त्यांनी या बहिणींच्या वर्तुळातलं संगीत रेकॉर्डही केलंय. भाचीच्या मोबाईलमध्ये होतं ते त्यांचंच.

सारांची आणखी एक बहीण बेला. तिने आपल्या नातवाला बाखच्या एका मोठ्या, विसरलेल्या रचनेची नक्कल करून घेऊन भेट दिली. तो नातू फेलिक्स मेंडेल्सोन. विसाव्या वर्षी, १८२९ साली, त्याने ती सिंग-अकादमीत सादर केली आणि जगाला बाख परत मिळाला. इतिहासात हे पान फेलिक्सच्या नावावर आहे. त्याची थोरली बहीण फानी तितकीच हुशार. पण ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला पत्रात कळवलं की फेलिक्सचा संगीत हा व्यवसाय होऊ शकेल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहील. तिची सहा गाणी भावाच्या नावाने छापली गेली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने १८४२ साली फेलिक्सला बोलावून त्याच्या पुस्तकातलं आवडतं गाणं म्हणून दाखवलं, तेव्हा त्याला कबूल करावं लागलं की हे बहिणीचं आहे. फानीने स्वतःच्या नावाने छापायला सुरुवात केली १८४६ साली आणि पुढच्याच वर्षी ती गेली.

वेळ संपत आली, ताई काचेतून हात दाखवतायत. आता तो १७८८चा कॉन्सर्टो लावतोय, त्याचा मधला संथ भाग. गॅसवर काही असेल तर बारीक करा. तडतडणारी ती हार्प्सिकॉर्ड, मऊ ती पियानो. सुरुवातीला ओळखू येणार नाही, आम्हालाही आलं नव्हतं. डोळे मिटा. एकीचं संपतं तिथे दुसरी कुठून सुरू करते तेवढंच धरा. कोण कोण काय ओळखलं ते केंद्रावर फोन करून सांगा, आम्ही वहीत लिहून घेणार आहोत. तुमच्या नावासकट.

(यानंतर कार्ल फिलिप एमानुएल बाख यांच्या हार्प्सिकॉर्ड आणि फोर्टेपियानोसाठीच्या दुहेरी कॉन्सर्टोतला मधला भाग ऐकवण्यात आला.)